माशासाठी माशी

शेजारच्या अंगणात ठिपक्यांची एखादी अवघड रांगोळी दिसली, की माझ्या बहिणीचे जेवणात लक्ष लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडून ती जुळवल्याशिवाय तिला झोप येत नाही. मी तिला हसत असे. मागल्या वर्षी तोच रोग मला जडला.

झाले असे, की मासेमारीवरच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात 'जॉक स्कॉट' नावाच्या माशीचे रंगीत चित्र पाहिले. आमच्या आदिलाबादकडे पैनगंगेवर लोक जाळे टाकतात, नाहीतर गळाला गांडूळ लावतात. इंग्रजांनी मात्र गळालाच दोरा आणि पिसे बांधून खोटी माशी करण्याची कला वाढवली. साधी माशी पाण्यात किड्यासारखी दिसली म्हणजे झाले. पण साल्मन माशासाठी एकोणिसाव्या शतकात अगदी नटव्या माश्या निघाल्या. जॉक स्कॉटचे मागचे अर्धे अंग पिवळ्या रेशमाचे, पुढचे काळ्या रेशमाचे, त्यावर रुपेरी जरीचे वेढे आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपकेदार पीस.

हे पीस आपल्याच देशातले! करड्या रानकोंबड्याच्या मानेवरचे. हा पक्षी सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत राहतो. नराच्या मानेवरील पिसांना मेणासारखे कडक, पिवळसर ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे भासतात. आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना येथे गंमत वाटेल. कन्नडमध्ये 'कोळि' म्हणजे कोंबडी, मराठीत कोळी म्हणजे मासे धरणारा. या माशीत दोघांची गाठ पडली.

आता थोडे वाणिज्य. मागणी वाढली की भाव चढतो आणि भाव चढला की शिकारी जंगलात शिरतो. मानेचे कातडे काढायचे तर कोंबडा मारावाच लागतो. रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर हिंदुस्थान सरकारने १९०२ साली बंदी घातली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिले. वस्तू महागली की गिऱ्हाईक पर्यायी वस्तूकडे वळते, असे आपण अर्थशास्त्रात शिकतो. हौशी माणूस मात्र वळत नाही. त्याला पुस्तकात लिहिलेले तेच पीस हवे असते. वास्तविक साल्मन नदीत चढू लागला की खाणे जवळजवळ सोडूनच देतो. अमुकच पिसाचा हट्ट माशाचा नसतो, माणसाचा असतो.

हा हट्ट कोठवर जातो? २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकात मलाय द्वीपसमूहातून जमवलेले पक्षीही होते. चोर निघाला लंडनमध्ये संगीत शिकणारा एक विद्यार्थी! जुन्या माश्या बांधण्यात तो निष्णात होता आणि चोरलेली पिसे तो इतर हौशी लोकांना विकत असे. कित्येक पक्ष्यांच्या चिठ्ठ्या त्याने काढून टाकल्या होत्या. पक्षी कोठे व केव्हा मिळाला हे त्या चिठ्ठीवरच असते; ती गेली की अभ्यासकाला त्या कातड्याचा फारसा उपयोग उरत नाही. चोरी केली तेव्हा त्याचे वय होते वीस.

हे वाचून मी दचकलो, कारण माझेही वय वीसच आहे. चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हते, हेही खरे.

शेवटी घरच्या कोंबड्याची गळलेली पिसे वेचली. गळ पक्कडीत धरला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा त्याच्यावर घट्ट गुंडाळला. जुन्या साडीच्या काठाची जर काढून वेढे दिले. पिसावरचे ठिपके बहिणीच्या नखपॉलिशने काढले. पहिल्या दोन माश्या सुटल्या, कारण दोरा सैल होता. तिसरी टिकली.

मित्रांनो, छंद जरूर लावून घ्या; पण त्याचा कच्चा माल कोणाच्या मानेवरून येतो, एवढे आधी विचारा. माझी माशी जाणकार पाहील तर तिला जॉक स्कॉट म्हणणार नाही. बहिणीने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ठिपके चुकलेत." मला मात्र त्या रात्री झोप छान लागली.