काळ्या पट्ट्यांवरचा भुंगा

भूममधल्या कुठल्याही भजनी मंडळाच्या पेटीवर हा खेळ करून बघता येईल. काळी दोनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर जा: काळी तीन, चार, पाच, मग वरची काळी एक. पांढरीला बोटसुद्धा लावायचं नाही. हे झाले राग धानीचे सूर! 'कट्यार काळजात घुसली'मधलं वसंतराव देशपांड्यांचं 'घेई छंद मकरंद' याच पाच सुरांवर उभं आहे.

आता सा तोच ठेवा. काळी चार सोडून द्या. पांढरी तीन आणि वरची पांढरी एक आत घ्या. मध्यम गेला, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत आले. हा सालगवराळी, मूळचा कर्नाटक संगीतातला. आणि गंमत म्हणजे त्याच नाटकात तेच पद या रागातही आहे! धानीला जे दोन सूर वर्ज्य, तेच इथे हवेत. धानीत जो मध्यम आहे, तो इथे चालत नाही.

एका गाण्याला दुसरी चाल मिळायला एरवी दुसरा संगीतकार यावा लागतो. इथे १९६७ साली जितेंद्र अभिषेकींनी दोन्ही चाली एकट्यानेच बांधल्या. त्यांना तशा त्या हव्याच होत्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक दोन गायकींच्या वैराचं, आणि पदही त्यांचंच, भुंग्यावर लिहिलेलं. नाटकातल्या दोन गायकांपैकी खाँसाहेबांच्या धानीत हा भुंगा द्रुत लयीत तानांवर ताना घेत सुटतो, एका जागी ठरत नाही. पंडितजींच्या सालगवराळीत तो फुलात शिरून बसलेला. मला विचाराल तर पहिल्याने माणूस दिपतो, पण नंतर गुणगुणतो ते दुसरंच.

याच नाटकावरच्या २०१५च्या चित्रपटात राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन यांनी हे पद पुन्हा गायलं. राहुल हे वसंतरावांचे नातू, त्यामुळे तुलना अटळ. पण ती करताना पेटी मिटून ठेवावी. आजोबांची आणि नातवाची धानी त्याच पाच पट्ट्यांवर येते. मींड मात्र एका पट्टीवरून दुसरीकडे घसरत जाते आणि तिथे पेटीला आवाजच नसतो. तान कुठून उचलली, 'मकरंद'वर किती रेंगाळले, समेवर कसे आले, हे कानानेच पकडायचं.