तापाचे निदान : एक थेंब रक्त आणि योग्य दिवस

पावसाळ्यात आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो : "फादर, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, आता काळजी नाही ना?" ह्याचे उत्तर तापाच्या दिवसावर अवलंबून असते.

ताप आल्यापासून सुमारे पाच दिवस रक्तात विषाणूचे 'एनएस-१' हे प्रथिन सापडते. त्यानंतर शरीराने तयार केलेली 'आयजीएम' प्रतिपिंडे दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केवळ प्रतिपिंडे शोधली, तर आजार असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो.

ह्या कार्यात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने येथे स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. डेंग्यू व चिकुनगुनियाच्या 'एलायझा' तपासणीचे संच ही संस्था तयार करते आणि ते देशभरातील शासकीय केंद्रांना पुरविले जातात. ही तपासणी भरवशाची. परंतु तिला प्रयोगशाळा व काही तासांचा अवधी लागतो. काही मिनिटांत निकाल देणारी पट्टी सोयीची. पण तिची अचूकता कमीअधिक असल्याने शासन निदान पक्के करण्यासाठी एलायझाच ग्राह्य धरते.

वेग आणि खात्री दोन्ही साधावीत म्हणून संशोधक 'बायोसेन्सर' विकसित करीत आहेत. त्यात सूक्ष्म विद्युतपट्टीवर प्रतिपिंडे बसविलेली असतात. रक्ताच्या थेंबातील एनएस-१ त्यांना चिकटले की विद्युतप्रवाहात बदल होतो व यंत्र तो मोजते.

खरी अडचण आहे ती सारख्या दिसणाऱ्या आजारांची. २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला; त्यास चिकुनगुनियाही झालेला होता. २०२४ साली पुणे शहरातही झिका पसरला. डेंग्यू आणि झिका हे जवळचे नातलग; एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीतही फसवितात. झिकामुळे गर्भाला अपाय होऊ शकत असल्याने गर्भवती मातेच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. म्हणून विषाणूंमधील फरक नेमका ओळखील, असाच सेन्सर उपयोगाचा.

तोवर डॉक्टरांना तापाचा कितवा दिवस आहे, हे आवर्जून सांगावे. ताप उतरतानाच पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या वा हिरड्यांतून रक्तस्राव झाल्यास, अहवाल काहीही असो, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.