काळजी घेणाऱ्याची जखम

घरात कोणी गंभीर आजारी पडलं, की भेटायला येणारे रुग्णाची विचारपूस करतात. त्याचं सगळं करणारं माणूस चहा देऊन आत जातं. ते चिडचिडं झालं, विसरू लागलं, सारखं सर्दीनं बेजार होऊ लागलं, तर आपण एवढंच म्हणतो, 'दमणूक झालीय.' आमच्या आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा आम्ही भावंडं वहिनींबद्दल हेच म्हणत होतो.

पण मनावरचा हा ताण शरीरात कुठे मोजता येईल का? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर, त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली त्याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. तुलनेसाठी, तेवढ्याच वयाच्या व साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर, अर्थातच संमतीनं, ३.५ मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती केव्हा भरते ते पाहिलं.

जखम भरली हे ठरवायचं कसं? छायाचित्रं घेतली जात होतीच, शिवाय जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं जाई. उघड्या ऊतींमधलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचं विघटन करतं, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फेस येतो. (बटाट्याच्या ताज्या कापावर चार थेंब टाकून हे वर्गात दाखवता येईल.) वर नवी त्वचा धरली की फेस येत नाही.

तुलनेतल्या स्त्रियांच्या जखमा सरासरी ३९.३ दिवसांत भरल्या. देखभाल करणाऱ्यांना लागले ४८.७ दिवस! जखमेजवळ दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावण्याचं काम इंटरल्यूकिन-१ सारखी प्रथिनं करतात. हे प्रथिन बनवण्याचा संदेश देखभाल करणाऱ्यांच्या रक्तपेशींत कमी उमटत होता. ताण लांबला की अधिवृक्क ग्रंथींमधून येणारं कॉर्टिसॉल अशा प्रथिनांना आवर घालू शकतं, हेही आपल्याला माहीत आहे.

तेरा आणि तेरा ही संख्या लहान आहे, हे मान्य करायलाच हवं. पण पिट्सबर्गमधील शुल्झ आणि बीच यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली पाहणी बरीच मोठी होती. आजारी जोडीदाराची देखभाल करणाऱ्या आणि तिचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतल्या मृत्यूचा धोका, अशी देखभाल न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. जे देखभाल करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. आम्हाला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणजे अपाय सेवेनं होतो असं नव्हे. ती कोणत्या परिस्थितीत, किती एकट्यानं करावी लागते, तिकडे पाहायला हवं.

हे काम काही घरांत मुलंही करतात. तास सुरू असताना डुलक्या घेणाऱ्या विद्यार्थ्याला, रात्री घरी कोणासाठी उठावं लागतं का, हे बाजूला घेऊन विचारून पाहावं.

आमच्या घरी शेवटच्या वर्षी आम्ही भावंडांनी आईजवळच्या रात्री वाटून घेतल्या. पहिले आठ-दहा दिवस वहिनी सवयीनं दोन वाजता उठून दाराशी येऊन उभ्या राहत.