धूर आणि श्वासनलिकेचे अस्तर

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पेशींचे नाजूक अस्तर असते. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा थर असतो आणि सतत हलणारे सूक्ष्म तंतू त्या स्रावात अडकलेली धूळ व जंतू घशाकडे ढकलतात. मात्र अस्तराचे काम एवढ्यावर संपत नाही. धुराने त्रास झाला की याच पेशी रासायनिक संदेश सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि दाह सुरू होतो. थोड्या वेळाचा दाह शरीराचे रक्षण करतो. तो वर्षानुवर्षे राहिला, तर नलिका सुजून अरुंद होतात आणि दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) बळावतो.

पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांच्या संशोधनाची सुरुवात या दाहापासून झाली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रा. स्टीफन होलगेट यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. स्वीडिश शास्त्रज्ञांसोबतचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ निरोगी व्यक्तींना एका बंदिस्त कक्षात तासभर डिझेलच्या धुरात ठेवण्यात आले. तिथल्या हवेत दर घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम कण होते. तुलनेसाठी, भारतात पीएम-१० (१० मायक्रॉनपर्यंतच्या) कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे.

सहा तासांनी दुर्बिणीने श्वासनलिकेतले नमुने घेतले, तेव्हा अस्तराखाली दाहाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या. रक्तातही बदल आढळले. फुंकून करायच्या नेहमीच्या चाचण्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. म्हणून मुंबईतील पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या गोरेगावसारख्या उपनगरात एखाद्याची फुप्फुसाची चाचणी ठीक आली, तरी तेवढ्यावरून धुराचा परिणाम झालाच नाही असे म्हणता येत नाही. पुढे २००० मध्ये याच गटाने दाखवले की पांढऱ्या पेशींना ओढून आणणाऱ्या आयएल-८ या प्रथिनाची निर्मिती डिझेलच्या धुरामुळे श्वासनलिकेत वाढते.

दाहाबरोबरच अस्तराचा घट्टपणाही महत्त्वाचा असतो. साउदॅम्प्टनच्याच शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दमेकऱ्यांच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल असल्याचे दाखवले. अशा अस्तरातून बाहेरचे पदार्थ सहज आत शिरतात.

पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक म्हणून काम करताना डॉ. साळवींचे लक्ष घरातल्या धुराकडे वळले. सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार मानला जाई. २००९ मध्ये श्वसनरोगतज्ज्ञ प्रा. पीटर बार्न्स यांच्यासह 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी मांडले की जगातल्या सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीतली लाकडे, गोवऱ्या यांचा धूर हे त्याचे मोठे कारण.

२०१६ च्या आकडेवारीवर आधारलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासातही डॉ. साळवींचा सहभाग होता. त्यानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. या आजाराच्या भारापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा आणि २५.४ टक्के तंबाखूचा होता. त्यामुळे सीओपीडीच्या प्रतिबंधात तंबाखू सोडवण्याइतकेच चुलीचा आणि वाहनांचा धूर कमी करणेही महत्त्वाचे ठरते.