अपुऱ्या खेळाचे पुरे पैसे

तृतीय वर्ष कला

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी एक खेळ विकत घेतला. खेळ म्हणजे कॅरमबोर्ड नव्हे. संगणकावर खेळायचा व्हिडिओ गेम. किंमत साडेचारशे रुपये. मेसच्या बिलातून वाचवलेले पैसे होते, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. नदीकाठी गाव वसवायचे, शेते कसायची, घरे बांधायची, असा तो खेळ. पैलतीरावर डोंगर आणि एक पडका किल्ला दिसे. तिकडे नेणारा पूल मात्र अर्धाच बांधलेला होता आणि त्याच्या टोकाशी 'लवकरच' अशा अर्थाची पाटी होती. ती पाटी आजही तिथेच आहे. खेळ तयार करणाऱ्यांकडून गेल्या अकरा महिन्यांत अवाक्षर नाही.

मी फसलो, असे मी वसतिगृहभर सांगत सुटलो. तेव्हा माझ्या खोलीतल्या मित्राने शांतपणे विचारले, "पण तू नक्की काय विकत घेतलेस?" मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधातच हा लेख झाला आहे.

आपल्या प्राध्यापकवर्गापैकी अनेकांना हा व्यवहार अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. स्टीम नावाचे संगणकी खेळांचे एक प्रचंड दुकान आहे. ते वाल्व्ह ही अमेरिकन कंपनी चालवते. मार्च २०१३ मध्ये या दुकानात 'अर्ली ॲक्सेस' नावाचा विभाग सुरू झाला. खेळ पुरा झालेला नाही, चुका आहेत, काही भाग यायचे आहेत. तरी तो आजच विकत घ्या, खेळा, सूचना करा, आणि मिळालेल्या पैशांतून आम्ही तो पुरा करू, असा हा मामला. आपल्याकडे ग्रंथांची प्रकाशनपूर्व नोंदणी होते, तिची येथे आठवण येईल. फरक इतकाच, की तेथे छापील ग्रंथ हाती येईपर्यंत ग्राहक वाट पाहतो. येथे त्याला पहिली चार प्रकरणे ताबडतोब मिळतात आणि उरलेली मिळतीलच असे कोणी लिहून देत नाही.

ही पद्धत स्टीमने शोधून काढली असे मात्र नाही. स्वीडनमधील मार्कुस पर्सन याने 'माइनक्राफ्ट' हा खेळ अगदी कच्च्या अवस्थेत असतानाच २००९ साली विकायला काढला. त्या वेळी किंमत दहा युरोंच्या आतबाहेर होती. खेळ वाढत गेला तशी तीही वाढवली गेली आणि सुरुवातीच्या ग्राहकांना पुढच्या सर्व आवृत्त्या विनामूल्य देण्याचे वचन दिले गेले. जानेवारी २०११ मध्ये ग्राहकांची संख्या दहा लाखांवर गेली, तेव्हा खेळ 'पुरा' झालाच नव्हता. तो झाला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. येथला हिशेब मला सर्वांत सरळ वाटतो. अपुरेपणाचा धोका ग्राहकाने पत्करला, त्याबद्दल त्याला किमतीत सूट मिळाली.

पुढे हा सरळपणा टिकला नाही. 'डे-झी' नावाचा खेळ डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला. अर्ली ॲक्सेस म्हणजे काय हे नीट समजले नसेल तर हा खेळ सध्या घेऊ नका, असे विक्रेत्यांनीच बजावले होते. दुकानदाराने 'घेऊ नका' म्हणावे आणि गिऱ्हाइकाने दुकानाचे दार मोडून आत शिरावे, तसे झाले. महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. पुरा खेळ निघाला डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. बारावीला असताना ज्याने तो घेतला, तो पदवी घेऊन बाहेर पडला तरी खेळ अपुराच! मधल्या काळात ग्राहक किती संतापले ते सांगायला नको. पण बजावले होते, हेही खोटे नाही.

मग माणसे इशारा वाचूनही का घेतात? मला वाटते, ती दोन निरनिराळी पाने वाचत असतात. एका पानावर नियम असतो. स्टीम स्पष्ट सांगते, की खेळ आज ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत खेळण्याची हौस असेल तरच घ्या. पुढे तो बदलेलच अशी खात्री नाही. विक्रेत्यांनाही ताकीद आहे, की भविष्याविषयी नेमकी आश्वासने देऊ नयेत आणि विक्री झाली नाही तर खेळ पुरा करणे परवडणार नसेल, तर या वाटेला जाऊच नये. दुसऱ्या पानावर मात्र चित्रे असतात, पुढे काय काय येणार याचा नकाशा असतो. करार आजच्या खेळाचा, जाहिरात उद्याच्या खेळाची. आपण सही पहिल्या पानावर करतो आणि मन दुसऱ्या पानावर ठेवून येतो.

या दोन पानांमधले अंतर कसे फाटत जाते याची उदाहरणे आहेत. 'स्पेसबेस डीएफ-९' हा अंतराळतळ उभारण्याचा खेळ डबल फाइन या नावाजलेल्या कंपनीने २०१३ च्या ऑक्टोबरात विकायला काढला. विक्रीतून खर्च निघेना, तेव्हा वर्षभरातच काम आवरते घेतले गेले आणि आहे त्यालाच 'पूर्ण आवृत्ती' म्हटले गेले. दुसरे उदाहरण 'कर्बल स्पेस प्रोग्राम २' चे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो जवळजवळ ५० डॉलरना, म्हणजे पुऱ्या खेळाच्या तोलाच्या किमतीला आला. परग्रहांवर वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांकडे प्रवास, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय असा नकाशा होता. २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. यांपैकी काहीही तोवर आले नव्हते. येथे मला विक्रेत्याची बाजू घेववत नाही. किंमत उद्याची घ्यायची आणि जबाबदारी आजची, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो?

असे असले तरी पुरी किंमत घेणारा प्रत्येकजण लबाड असतो असे मानणे चूक होईल. बेल्जियमच्या लारियन कंपनीने 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे ६० डॉलरना विकायला काढला, तेव्हा त्यात कथेचा पहिलाच अंक होता. तेवढाच आहे, हे त्यांनी आधी सांगितले. जवळजवळ तीन वर्षे त्याच अंकावर खेळाडूंच्या सूचना घेत त्यांनी काम केले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सारा खेळ हाती दिला. ग्राहकाला धीर धरावा लागला. पण काय चालले आहे ते कळत होते.

'कळत होते' हे मला महत्त्वाचे वाटते. खेळ अर्धवट राहू शकतो; पैसे संपतात, माणसे आजारी पडतात, कल्पना फसतात. आपल्या भित्तिपत्रकाचे दोन अंक निघून तिसरा निघाला नाही, तेव्हा आपणही कोठे कोणाला कळवले? पण आपण वाचकांकडून पैसे घेतले नव्हते. ज्याने घेतले त्याने 'काम थांबले' एवढी एक ओळ तरी लिहावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. पैसे परत मागावेत, तर जून २०१५ पासून स्टीमवर तशी सोय आहे. मात्र खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तरच. अपुऱ्या खेळाचे दुखणे चौदा दिवसांत कळत नाही, ते चौदा महिन्यांनी कळते.

असो. माझ्या खेळाचे पान मी परवा पुन्हा उघडून वाचले. "सध्या गाव वसवण्याचा भाग तयार आहे, पुढील भागांची खात्री देता येत नाही" अशा अर्थाचे वाक्य तिथे होते. घेताना मी ते वाचले नव्हते, किल्ल्याचे चित्र पाहिले होते. तेव्हा 'मी फसलो' यातला निम्मा भाग मी परत घेतो. उरलेला निम्मा अकरा महिन्यांच्या मौनाबद्दल आहे. तो राहू द्यावा.

मित्राला गेल्या आठवड्यात असाच एक अपुरा खेळ घ्यायचा होता. त्याने माझे मत विचारले. आम्ही दोघांनी बसून आज त्यात काय आहे तेवढेच वाचले, शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहिले. ती सात महिन्यांपूर्वीची होती. त्याने थोडा विचार केला, "आहे तेवढा पुरे" म्हणाला आणि घेतला. सध्या रात्री दोन वाजेपर्यंत आमच्या खोलीतला दिवा त्यापायी जळत असतो.