व्यापारी वारे, पेरूचा किनारा व आपला पावसाळा

अलीकडे पावसाळा जवळ आला कीं, वर्तमानपत्रांत व आकाशवाणीवर ‘एल निनो’ हें नांव वारंवार येऊं लागतें. मग बियाण्याच्या दुकानापासून गांवच्या चावडीपर्यंत त्याचीच चर्चा होते. कोणी पेरणीचा बेत बदलतो, कोणी जनावरें विकावयास काढतो. तथापि हा प्रकार काय आहे, तो कोठें घडतो आणि आपल्या शेताशीं त्याचा संबंध कितपत आहे, याची स्पष्ट कल्पना फार थोड्यांस असते. मूळ गोष्ट वाऱ्याची आहे. तो वारा समजला म्हणजे पुढील गोष्टींचा उलगडा होण्यास वेळ लागत नाहीं.

व्यापारी वारे.— विषुववृत्ताजवळ सूर्याचें ऊन वर्षभर प्रखर असतें. तेथील हवा तापून वर चढते व तिची जागा भरण्यास उत्तरेकडून व दक्षिणेकडून हवा धांवते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळें ही हवा सरळ न येतां पश्चिमेकडे कलते. म्हणून उत्तर गोलार्धांत हे वारे ईशान्येकडून व दक्षिण गोलार्धांत आग्नेयीकडून वाहतात. जॉर्ज हॅडली या इंग्रज गृहस्थानें १७३५ सालीं ही उपपत्ति मांडली. शिडाच्या जहाजांच्या काळीं खलाशी याच वाऱ्यांच्या भरवशावर महासागर ओलांडीत. आपला नैऋत्य मोसमी वाराहि याच कुळांतील आहे. हिंदी महासागराच्या दक्षिण भागांतील आग्नेय वारे उन्हाळ्याच्या अखेरीस विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात, आणि तेच बाष्प घेऊन आपल्या किनाऱ्यावर येतात.

पेरूचा किनारा.— या वाऱ्यांची करामत सर्वांत स्पष्ट दिसते ती दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर. तेथें हे वारे किनाऱ्याला धरून उत्तरेकडे वाहतात. परंतु वाऱ्यानें ढकललेलें पाणी, पृथ्वीच्या फिरण्यामुळें, दक्षिण गोलार्धांत वाऱ्याच्या डावीकडे सरतें. म्हणजे येथें तें किनाऱ्यापासून दूर जातें. त्याची जागा घेण्यास खालचें थंड पाणी वर येतें. मेलेल्या जीवांच्या कुजण्यानें सांठलेलें नत्र व स्फुरद त्या पाण्यांत विपुल असतें. खोल नांगरटीनें खालची माती वर यावी, त्यांतलाच हा प्रकार आहे. हें खत व वरचें ऊन यांच्या योगानें सूक्ष्म वनस्पति माजतात. त्यांवर व त्यांवर जगणाऱ्या बारीक जीवांवर अँचोव्हेटा नांवाच्या, वीतभरहि लांब नसलेल्या माशांचे अफाट थवे पोसतात. आणि त्या माशांवर लक्षावधि समुद्रपक्षी जगतात. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळें असेंच थंड पाणी वर येतें व तेथील तारली माशांची भरभराट त्याच्याशीं निगडित आहे.

पेरूच्या याच थंड पाण्यामुळें समुद्र समृद्ध, तर लगतची जमीन मात्र उजाड आहे. पाण्यावरील हवा थंड व जड राहते, ती वर चढत नाहीं, म्हणून पाऊस पडत नाहीं. लिमा शहरीं हिंवाळ्यांत महिनोन्‌महिने धुकें असतें, पण पाऊस नाममात्र. शेती चालते ती अँडीज पर्वतांतून उतरणाऱ्या नद्यांच्या पाटांवर.

पाऊस नसल्यामुळेंच समुद्रपक्ष्यांची विष्ठा बेटांवर न धुपतां शेंकडों वर्षें सांचत गेली. हेंच ग्वानो खत. इंका राजांच्या अमदानींत या पक्ष्यांस मारणारास देहान्त शिक्षा असे, असें जुन्या बखरकारांनीं लिहून ठेविलें आहे. १८४० नंतर कांहीं दशकें चिंचा बेटांवरील हें खत जहाजें भरभरून यूरोप-अमेरिकेंतील शेतांकडे गेलें. तें खणण्यास चीनमधून आणलेल्या मजुरांचे अनन्वित हाल झाले, आणि कित्येक शतकांचा सांठा दोन पिढ्यांच्या आंतच खरवडून संपला.

वारा मंदावला म्हणजे.— व्यापारी वारे पॅसिफिक महासागराचें वरचें उष्ण पाणी सतत पश्चिमेकडे लोटीत असतात. त्यामुळें इंडोनेशियाकडील समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेकडील पातळीपेक्षां सुमारें अर्धा मीटर उंच व पाणी सुमारें ८ अंश सेल्सिअसनें अधिक उष्ण असतें. कांहीं वर्षीं हे वारे ढिले पडतात. मग पश्चिमेस सांठलेलें उष्ण पाणी पूर्वेकडे परततें व पेरूच्या किनाऱ्यावरील थंड पाण्यावर पसरतें. नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहास तेथील कोळी ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, म्हणत. तेंच नांव पुढें या साऱ्या घडामोडीस मिळालें.

अशा वर्षीं खालून खत वर येत नाहीं, मासे दूर किंवा खोल जातात, पक्षी उपासमारीनें मरतात, आणि वाळवंटांत मुसळधार पाऊस कोसळतो. १९८३ व १९९८ सालीं उत्तर पेरूंतील पिउरा प्रांतांत पुरांनीं रस्ते, पूल व घरें वाहून गेलीं. १९७० सालीं पेरूच्या कोळ्यांनीं १ कोटी २० लाख टनांहून अधिक अँचोव्हेटा पकडला होता. १९७३ सालीं तो आंकडा सुमारें २० लाख टनांवर आला. दोष सर्वस्वी वाऱ्याचा नव्हता. त्यापूर्वींची बेसुमार मासेमारीहि तितकीच कारण झाली. या माशांची भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यांत जात असे. ती दुर्मिळ होतांच सोयाबीनला मागणी वाढली व जगाच्या बाजारांत त्याचा भाव भडकला.

वारा जोराचा झाला म्हणजे.— याच्या उलट स्थितीस ‘ला निना’ म्हणतात. पेरूकडे थंड पाणी अधिक वर येतें, तर इंडोनेशिया व ऑस्ट्रेलियाकडे पाऊस वाढतो. २०१०-११ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत मोठे पूर आले, ते अशाच वर्षीं. १९९२ ते २०११ या काळांत पॅसिफिकवरील हे वारे विशेष जोराचे होते. तेव्हां पश्चिम पॅसिफिकमधील समुद्राची पातळी जगाच्या सरासरीहून पुष्कळ वेगानें चढली, व सखल बेटांवरील वस्तीस त्याची झळ लागली. म्हणजे वारा मंद झाला तर एका किनाऱ्यावर संकट, आणि फार जोराचा झाला तर दुसऱ्या.

आपला पाऊस.— १८७७ व १८९९ या दोन्ही वर्षीं आपल्याकडे पावसानें दगा दिला व लक्षावधि माणसें दुष्काळांत मेलीं. पावसाचें भविष्य आधीं सांगतां यावें या हेतूनें सर गिल्बर्ट वॉकर यांनीं, १९०४ ते १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असतांना, जगभरच्या हवामानाचे आंकडे जुळवून पाहिले. पॅसिफिकवरील हवेचा दाब वाढला कीं हिंदी महासागरावरील घटतो व तो घटला कीं हा वाढतो, असें त्यांस आढळलें. या हेलकाव्याचा समुद्राच्या उष्णतेशीं संबंध याकोब ब्यर्कनेस यांनीं १९६९ सालीं उलगडून दाखविला. उष्ण पाणी पूर्वेकडे सरकलें कीं, हवा वर चढण्याची जागाहि पूर्वेकडे सरकते. आपल्या बाजूस हवा खालीं उतरूं लागते व ढगांची वाढ खुंटते. १९७२ सालीं पेरूच्या कोळ्यांचीं जाळीं रिकामीं येऊं लागलीं, त्याच वर्षीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला. २००९ व २०१५ हींहि एल निनोचीं तुटीचीं वर्षें होत.

परंतु हा नियम अटळ नव्हे. १९९७ सालीं एल निनो अत्यंत तीव्र होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या वर्षीं हिंदी महासागराचा आफ्रिकेकडील भाग विशेष तापला होता व त्यानें तूट भरून काढली, असें मानतात.

शेतकऱ्यानें काय ध्यानांत घ्यावें.— देशाच्या सरासरीवरून आपल्या शिवाराचा अंदाज बांधूं नये. २०२३ सालीं देशांत ९४ टक्के पाऊस पडला. पण ऑगस्ट महिन्यांत पावसानें मोठी ओढ दिली, आणि पीक जगतें किंवा जळतें तें अशा खंडानें. पैसेवारी गांवागणिक काढावी लागते, ती याच कारणास्तव. म्हणून एल निनोची वार्ता ही शिक्षा नव्हे, सूचना समजावी. अशा वर्षीं पहिल्या सरीवर न भुलतां ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरती ओल झाल्यावरच पेरणी करावी. लवकर येणारे वाण व तुरीसारखें आंतरपीक घ्यावें, बांधबंदिस्ती आधीं उरकावी, कडबा विकूं नये व पीकविम्याची मुदत चुकवूं नये. पाऊस चांगला झाला तरी यांतील कोणतेंहि काम फुकट जात नाहीं.