वहीतले किलोमीटर

आमच्या मारुती ८०० चं मीटर खोटं बोलतं. गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगून टाकतो, आणि मग गिऱ्हाईक काही टिकत नाही. "काका, मीटर खोटं, तर गाडी चालली किती?" असं विचारलं की मी घरातून वही आणतो. वही पाहिल्यावर तर माणूस चहासुद्धा अर्धा टाकून जातो. वहीतला आकडा आहे ३,८६,४१२.

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला नोंदीशिवाय चैन पडत नाही. १९९६ साली स्टाफ-कर्ज काढून ही पांढरी गाडी खामगावात आणली, त्याच संध्याकाळी वहीत चार रकाने आखले : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कारण. सौ. म्हणाली, "गाडी घेतलीय की खातं उघडलंय?" पुढे बोथ्याच्या घाटात मीटरची केबल तुटली, तेव्हा तीन आठवडे मी रस्त्याकडेचे दगड मोजून नोंदी केल्या. नंतर मीटरच गेलं. अकोल्याच्या भंगारबाजारातून दुसरं आणलं, ते कुणाच्या तरी गाडीचे ४१ हजार पोटात घेऊनच आलं. ते वहीत 'आरंभीची शिल्लक, वजा' म्हणून टाकले. आमचा हिशेब असा चोख.

जगात याहून मोठे महाभाग आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे एक शाळामास्तर, आयर्व्ह गॉर्डन. त्यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्व्होवर २०१३ पर्यंत ३० लाख मैल केले. मैल, बरं का, किलोमीटर नव्हे! पण ती दणकट गाडी. आपली म्हणजे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि बारा इंची चाकं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुतीची किल्ली दिली, तेव्हा 'हा पत्र्याचा डबा आपल्या रस्त्यांवर टिकणार का?' असं पुष्कळांना वाटलं होतं. डबा टिकला. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत देशात अशा २५ लाखांहून अधिक गाड्या खपल्या.

टिकण्याचं रहस्य मला आमच्या चाचांनी शिकवलं. चाचा म्हणजे नांदुरा रोडवरचे मिस्त्री. "साहेब, इंजिन चालल्यानं मरत नाही, उभं राहून मरते." गावातल्या गावात भाजी आणायला काढलेली गाडी तापायच्या आतच बंद होते, आणि इंजिन झिजतं ते थंड असताना. अकोल्याला एका दमात पन्नास किलोमीटर नेलं, की तेच इंजिन खूश. दर पाच हजारांना ऑइल बदलायचं, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात बॉनेट उघडून पाणी पाहिल्याशिवाय चावी फिरवायची नाही. एवढ्यावर इंजिन एकदाच खोलावं लागलं, पिस्टनच्या रिंगा बदलायला. क्लचप्लेटा मात्र पाच खाल्ल्या. त्यातल्या दोन सौ. गाडी शिकत असतानाच्या, पण ते वहीत नाही.

वहीत काय आहे? शेगाव तर अगणित वेळा. सतरा किलोमीटरवर महाराज, मग पाहुणा आला की दर्शन ठरलेलंच. २००३ साली पानंच्या पानं एकच नोंद : 'अकोला, १०२, वडील.' आठवड्यातून दोनदा डायलिसिस. येताना वडील मागच्या सीटवर आडवे होत आणि बाळापूर आलं की विचारत, "किती राहिलं रे?"

आणि 'वसुली'. हा शब्द वहीत फार वेळा आहे. मेहकरकडच्या शाखेत असताना खेड्यापाड्यांत मी स्वतःचीच गाडी नेई; पेट्रोलचा भत्ता मिळे. २००६ च्या हिवाळ्यात थकबाकीची नोटीस घेऊन एका गावी गेलो. ओसरीवर दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता, डोकं नुकतंच भादरलेलं. कर्जदार फवारणीचं औषध पिऊन गेला, त्याला दहा दिवस झाले होते. शाखेपर्यंत बातमी आली नव्हती, की आम्ही ती ऐकली नव्हती, कोण जाणे. म्हाताऱ्या बापानं पांढरी गाडी पाहिली, ओळखली. उठला, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "उन्हातून आले साहेब, पानी घ्या." पाणी प्यालो. नोटीस गाडीच्या खणातून काढली नाही.

२००८ ची कर्जमाफी त्या घरापर्यंत पोचेतो माझी बदली झाली होती. कादंबऱ्यांतून मी पुष्कळ माणसं मारली आहेत, पण हा माणूस एकाही कादंबरीत आणता आला नाही. परवा सौ. वही चाळताना म्हणाली, "अहो, इथं चौसष्ट किलोमीटर आहेत आणि कारणाचा रकाना कोरा कसा?" मी म्हटलं, राहून गेलं असेल. त्या फेरीचा पेट्रोलभत्ता मात्र मी घेतला होता, हे तिला सांगितलं नाही. इथं लिहितोय.

आता प्रश्न नोंदणीचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यायची, तशी आमची २०११, २०१६ आणि २०२१ ला झाली. पुढची मुदत २०२६ ची. २०२२ मध्ये सहाशेची फी पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढली. पुण्याहून मुलगा म्हणतो, "बाबा, भंगारात द्या, वर सर्टिफिकेट मिळेल." पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं म्हणून चाचांनी रबरी नळ्या सगळ्या बदलल्या आहेत. गाडी खाली-वर पाहून ते म्हणाले, "इंजिन तं टकाटक हाये साहेब. पन तळाचा पत्रा सडला. पत्रा टाकू का राहू देऊ, ते सांगा."

अजून सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघं शेगावला जाऊन आलो. चौतीस किलोमीटर. कारणाच्या रकान्यात सौ.नं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'सहज.'